गेणूतात्याचा अंगठा

कळसच्या पल्याड वस्तीवर राहणारा गेणूतात्या लांडग्याला कधी भ्याला नाही, पण परीक्षेला मात्र जन्मभर भ्याला. स्वतः तो शाळेची पायरी चढला नव्हता. चढला असता तर कदाचित एवढा भ्याला नसता. पण त्याचा थोरला महिपती कारखान्याच्या भरतीला गेला, नापास होऊन आला आणि कितीतरी दिवस भिंतीकडं तोंड करून निजला, ते म्हाताऱ्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढं महिपती उसाच्या ट्रॅक्टरवर लागला, त्याचं बरं चाललं. पण तात्याच्या मनात गाठ बसली ती बसलीच. पास होईल त्याला मिळतं, नापास होईल त्याला घरी धाडतात. ही गाठ ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यातनं झाला.

महिपतीची लेक प्रतीक्षा. घरात तिला पतू म्हणायचे. बिचारीनं दोन्ही नावं कधी ऐकलेली नव्हती. चार वर्षांची झाली तरी पोर बोलेना, तेव्हा आजी गोजरबाई म्हणायची, महिपतीबी उशिरानंच बोलला हुता. शेजारपाजारच्यांनी देवदेव करायला सांगितलं, तेही झालं. आई द्वारका तेवढी गप्प असायची. तिला बहुतेक आधीच कळून चुकलेलं होतं, पण सुनेनं असलं काही तोंडातून काढायचं कसं?

आणि खरं सांगायचं तर पतूचं आणि तात्याचं कुठं काही अडत नव्हतं. तात्यानं उभी हयात मेंढरांमागं काढलेली. कालव्याचं पाणी आलं, चराऊ रानं उसाखाली गेली, मेंढरं विकून टाकली, पण हाताची सवय जाते होय? पल्याडच्या माळावरच्या कुत्र्याला तो नुसता हात उचलून वळवायचा. नातीशीही त्याचं तसंच चालायचं. भुवई वर गेली की जेवायला चल. बोट फिरलं की कोंबड्या हाकल. आज्याचं आणि नातीचं असं गूळपीठ, की गोजरबाई चिडून म्हणायची, घरात दोन मुकी हायती, एक देवानं केलेलं आन् एक लबाड.

त्र्याण्णव सालच्या उन्हाळ्यात वस्तीवर मालतीबाई आल्या. वालचंदनगरच्या कंपनीच्या क्वार्टरमध्ये राहायच्या, नवरा रघुनाथराव तिथंच इंजिनियर. चांगलं पंख्याखाली बसायचं सोडून ही बाई एसटीनं गावोगाव हिंडायची आणि दारोदार विचारायची, तुमच्याकडं न बोलणारं लेकरू आहे का हो? पहिल्या पहिल्यांदा लोकांना वाटे, ही मुलं पळवायला आलीय. कुणी कुणी कुत्री सोडली अंगावर. पण बाईंनी हिंडणं सोडलं नाही, कारण त्यांची स्वतःची लेक अश्लेषा जन्मापासून बहिरी होती, आणि ते त्यांना कळायला उशीर झाला होता. तो उशीर दुसऱ्या कुणाचा होऊ नये एवढीच त्यांची धडपड.

मालतीबाईंनी पतूला पाठमोरी बसवली आणि तिच्यामागं परातीवर उलथनं हाणलं. कोंबड्या उडाल्या, कुत्रं भुंकत सुटलं, गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. पतू मातीची भाकरी थापत होती, ती थापतच राहिली. तेव्हा कुठं गोजरबाईनं पदर डोळ्यांना लावला. द्वारका मात्र रडली नाही. ती पुढं आली आणि तिनं विचारलं, आता काय करायचं ते सांगा.

बाईंनी अश्लेषाला सोबत आणलं होतं. आठेक वर्षांची पोर, छातीवर काडेपेटीहून थोडी मोठी डबी बांधलेली, डबीतनं वायरी निघून दोन्ही कानांत गेलेल्या. ती गोजरबाईकडं बघून जरा जड, पण स्पष्ट आवाजात म्हणाली, "आजी, पाणी द्या."

झालं! म्हातारा तिथंच विरघळला. बहिरी पोर, आणि आजीला पाणी मागते! त्या दिवसापासून तात्याला दुसरं काही सुचेना. ती डबी आपल्या पतूच्या छातीवर दिसली पाहिजे, आणि पतूनं एकदा तरी तोंडानं आजा म्हटलं पाहिजे. मेलो तरी चालेल, पण त्याआधी हे झालं पाहिजे, असं तो गोजरबाईला रोज सांगायचा. ती म्हणायची, मरायचं नंतर बघू, आधी म्हशीला पाणी दावा.

मालतीबाईंनी सगळं नीट समजावलं होतं. बारामतीत शिबिर भरणार, पुण्याहून मॅडम येणार, पोरांचे कान तपासणार. ज्याला उपयोग होईल त्या पोराला शिबिर भरवणारी संस्था ते डबीचं मशीन देणार. तपासणी कशी, तेही सांगितलं. पोराच्या कानावर यंत्र लावतात, त्यात आवाज सोडतात, आवाज आला की पोरानं डब्यात मणी टाकायचा. तेव्हा घरी मोठ्ठा ढोल वाजवून, मणी नाहीतर चिंचोका टाकायची सवय करा, म्हणजे पोर तिथं बुजणार नाही. इथपर्यंत बाईंचं काही चुकलं नाही. पण त्या म्हणाल्या तपासणी, आणि तात्यानं त्याचा अर्थ लावला परीक्षा.

त्यात आणखी एक झालं. शेजारच्या वस्तीवरच्या आबासाहेबाचा नातू गेल्या शिबिराला जाऊन परत आला होता. त्याला काहीच ऐकू येत नव्हतं, म्हणून मशीनचा उपयोग व्हायचा नाही असं मॅडमनी सांगितलं होतं. तात्यानं हे ऐकलं आणि त्याची खात्रीच पटली. नापास झालं पोरगं, म्हणून घरी धाडलं! म्हणजे ज्याला जास्त ऐकू येईल त्याला मशीन. आता बोला. हिशोब कसा चोख होता बघा, फक्त उलटा होता.

मग वस्तीवर शिकवणी सुरू झाली. पतू आज्याच्या मांडीवर, पुढ्यात पितळेची वाटी, मुठीत चिंचोके. मागं गोजरबाई देवघरातली घंटी घेऊन उभी. घंटी वाजली की तात्या पोरीच्या पाठीत अंगठा दाबायचा, आणि अंगठा दाबला की पतूनं चिंचोका वाटीत टाकायचा. बुजऱ्या कोकरांना कळपात वळवणाऱ्या माणसाला हे काय अवघड? चार दिवसांत पोर अशी तयार झाली, की अंगठा टेकतोय न टेकतोय तोच चिंचोका वाटीत. द्वारकेनं भीतभीत विचारलं, तात्या, पर तिला ऐकू कुटं येतंय? तात्या म्हणाला, अगं एकदा मशीन पदरात पडू दे, मग येईलच की ऐकू. यावर बिचारी सून काय बोलणार? तिलाही मशीन हवंच होतं.

शिबिराच्या दिवशी पहाटेच्या एसटीनं सगळे बारामतीला निघाले. महिपती ट्रॅक्टरवर गेलेला, तो नव्हता. तात्यानं नवा पटका बांधला आणि बंडीच्या खिशात मूठभर चिंचोके टाकले. आयत्या वेळी उजळणी करायला बरे. एसटीत त्यानं खरोखरच उजळणी घेतली, आणि शेजारी बसलेल्या माणसाच्या धोतरात चिंचोके पडले म्हणून दोन शब्द ऐकूनही घेतले.

शाळेच्या एका खोलीत तपासणी होती. बाहेर व्हरांड्यात आयाबाया लेकरं घेऊन बसलेल्या. मॅडम वयानं लहानशी, सकाळपासून एकटी खपून घामाघूम झालेली. पतू कुणाकडंच जाईना, म्हणून तिला आज्याच्या मांडीवर बसवलं. द्वारका आणि गोजरबाई दाराशी, मालतीबाई बाहेर बाकीच्यांना रांगेत बसवत होत्या. मॅडमनी पोरीच्या कानांवर ते काळं जाडजूड यंत्र चढवलं, एवढुसं तोंड त्यात हरवून गेलं. पुढ्यात डबा, हातात लाकडी मणी. आणि मॅडमनी समोरच्या पेटीवरचं बटण दाबलं.

तात्याच्या तोंडचं पाणी पळालं. घंटी कुठाय? आवाज तर सगळा पोरीच्या कानात! बाहेर काही म्हणजे काही ऐकू येईना. आता अंगठा दाबायचा कशावर? पोर मणी धरून बसलेली, अंगठ्याची वाट बघत. पण मेंढक्याची नजर ती मेंढक्याची नजर. तात्याला दिसलं, की बटण दाबलं की पेटीवर एक बारका लाल दिवा लागतो. दिवा लागला, तात्यानं अंगठा दाबला, मणी डब्यात. दिवा लागला, अंगठा, मणी. मॅडम आवाज बारीक बारीक करत गेल्या, पार मुंगीच्या पावलाएवढा केला, तरी मणी पडतच राहिला. असा निकाल बारामतीत काय, पुण्यातसुद्धा कुणी लावला नसेल.

मॅडमनी यंत्र काढलं, पतूच्या गालाला हात लावला आणि हसून म्हणाल्या, "आजोबा, काळजी करू नका. हिचे कान अगदी उत्तम आहेत."

तात्याची छाती वीतभर फुगली. दाराशी गोजरबाईनं हात जोडले. मग तात्यानं अदबीनं विचारलं, की मशीन आजच मिळंल, का परत यायला लागंल?

मशीन कसलं, मॅडम म्हणाल्या. मशीन ज्यांना ऐकू येत नाही त्यांना. हिला सगळं ऐकू येतं. बोलत नाही म्हणजे कानाचं नव्हे, बुद्धीचं काहीतरी असणार. पुण्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवा. एवढं सांगून त्यांनी पुढच्या पोराला हाक मारली.

तात्या जागचा हलेना. पतूला काय, आपण जिंकलो असंच वाटत होतं, ती टाळ्या पिटत होती. द्वारकेनं तिला उचलून छातीशी धरलं आणि ती भिंतीला टेकून खाली बसली. चार वर्षं जे मनात होतं ते सोडून भलतंच पदरात आलं होतं. माझी पोर खुळी न्हाय, एवढंच ती पुन्हापुन्हा म्हणत होती, तेही कुणाला ऐकू जाणार नाही असं.

मालतीबाई धावत आल्या. त्यांना काही उमजेना. परातीवर उलथनं त्यांनी स्वतः हाणलं होतं, म्हैस उठली होती, पोर उठली नव्हती. त्या मॅडमशी बोलायला लागल्या तशी गोजरबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पास झालेल्या नातीला हे लोक मशीन देत नाहीत म्हणजे काय! ती पदर खोचून मध्ये पडली. म्हणाली, का म्हून देत न्हाय? इतकं दिस घंटी वाजवून माझा हात मोडून आला. म्हाताऱ्यानं अंगठा दाबून दाबून पोर तयार केलीया. एक मणी चुकला का? सांगा की, एक तरी चुकला का?

मॅडमनी तात्याच्या अंगठ्याकडं बघितलं, मग पेटीवरच्या लाल दिव्याकडं बघितलं, आणि त्यांनी कपाळाला हात लावला. दोन मिनिटं त्या चांगल्याच तापल्या. का तापू नये? मालतीबाई मात्र हसायला लागल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि मग ते पाणी थांबेना. त्या तात्यासमोर जमिनीवर बसल्या.

"तात्या," त्या म्हणाल्या, "अहो, इथं पोरीला पास व्हायचं नव्हतं. तिला जे ऐकू येत नाही ते आपण दाखवायला आणलं होतं."

मग त्यांनी म्हाताऱ्याला सगळं पहिल्यापासून सांगितलं. अगदी बारीक आवाज ऐकू आला तर मशीन लागत नाही. काहीच ऐकू आलं नाही, मोठ्यात मोठा आवाजसुद्धा, तर मशीन काम करत नाही, आबासाहेबाच्या नातवाचं तसंच झालं. मधलं थोडं काही शिल्लक असेल तर त्यावर मशीन चालतं. पतूचं किती शिल्लक आहे ते देवाला ठाऊक, आणि ते कळायचं तर अंगठा बाजूला ठेवायला हवा. गोजरबाई आता नवऱ्यावर उलटली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं ती भरल्या खोलीत म्हणाली, जशी काही घंटी दुसऱ्याच कुणी वाजवली होती.

मॅडम भल्या होत्या. सगळी पोरं आटोपल्यावर पुन्हा बघू म्हणाल्या. आजोबांनी बाहेर बसावं अशी त्यांची इच्छा होती, पण आज्याची मांडी सोडली की पतू हंबरडा फोडायची. शेवटी ठरलं, की आजा आत बसेल, पण दोन्ही हात समोर टेबलावर, मॅडमना दिसतील असे.

आणि म्हाताऱ्याची खरी परीक्षा तेव्हा सुरू झाली.

दिवा लागला. पतू मणी धरून बसली. पाठीत अंगठा नाही. तिनं वाट बघितली, मग मान वळवून आज्याकडं बघितलं. आज्याचे हात टेबलावर. दिवा विझला, पुन्हा लागला. आवाज आता वाढत होता, पण पोरीला त्याचं काय? ती पाठ हलवून आज्याच्या छातीवर घासायला लागली. विसरलास का, असं जणू विचारत होती. तात्या समोरच्या भिंतीकडं बघत राहिला. मग पतूनं त्याचा हात धरून ओढला. त्यानं तो टेबलावर घट्ट दाबून धरला. आपलं काहीतरी चुकलं, आजा रागावला, असं समजून पोरीचे ओठ थरथरायला लागले. हयातीत त्यानं तिच्याकडं कधी रागानं बघितलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांतनं पाणी गळायला लागलं, पण ते पुसायला हात उचलायची सोय नव्हती.

दिवा लागत होता आणि मणी पोरीच्या मुठीतच होता. दाराशी द्वारकेनं डोळे मिटून घेतले. मॅडम आवाज चढवत चढवत पेटीच्या शेवटाजवळ आल्या. आता तात्याला त्या कानातल्या यंत्रातनं बारीक कू असं काहीतरी बाहेरही ऐकू येत होतं. एवढा आवाज झाला, आणि पोर अजून त्याच्याकडंच बघत होती. आबासाहेबाचा नातू त्याच्या डोळ्यांपुढं उभा राहिला. अंगठा नुसता टेकवला असता तर? कुणाला कळलं असतं? पण त्यानं टेकवला नाही.

आणि पतूची मान स्थिर झाली. भुवया वर गेल्या. कुणीतरी लांबून दार वाजवावं आणि आपण कानोसा घ्यावा, तशी ती थांबली. आज्याचे हात टेबलावर होते ते तिनं बघितलं. पाठीत काही नव्हतं. तरीही तिनं मूठ उघडली, आणि मणी डब्यात टाकला.

मॅडमनी खातरजमा करायला बटण न दाबता वाट बघितली. पोर हलली नाही. पुन्हा तोच मोठा आवाज सोडला, पुन्हा मणी पडला. शिल्लक आहे, मॅडम म्हणाल्या, थोडंच आहे पण आहे, ह्याच्यावर मशीन चालेल. तात्यानं हात उचलले ते थेट पोरीभोवतीच टाकले आणि तिचं डोकं पटक्याच्या शेवानं पुसत बसला. भिजलं होतं ते.

वायरीची टोकं नीट बसावीत म्हणून कानांचे साचे घेतले, आणि पुढं दीडेक महिन्यानं मशीन आलं. तोवर गोजरबाईनं नव्या खणाची पिशवी शिवून ठेवली होती, छातीवर बांधायला नाड्या आणि कडेला जर. मालतीबाईंनी बजावलं होतं की डबीची भोकं उघडी राहायला हवीत, म्हणून तिनं तिथं खिडकी ठेवली, आणि त्या खिडकीलाही जर लावली.

पण बारामतीत मॅडमनी मशीन चालू केलं आणि पतू किंचाळली. डोळे घट्ट मिटून तिनं आज्याच्या खांद्यात तोंड खुपसलं. मॅडमनी समजावलं, की आजवर शांततेत राहिलेलं लेकरू, घाबरणारच. बोलायला वर्षं लागतील, आईनं दिवसभर तिच्याशी बोलत राहायचं, कंटाळायचं नाही. द्वारका मान डोलवत होती आणि तिथूनच पोरीशी बोलायला लागली होती, ही बघ खिडकी, हे बघ झाड. तात्याला मात्र कसंतरी झालं. सारी एसटी पोर तोंड लपवून बसली. आपल्या हट्टापायी लेकराला आगीतनं फुफाट्यात टाकलं की काय, असं त्याच्या मनात येत राहिलं. आजा म्हणणं तर दूरच, पोर आज्याकडं बघेना.

फाट्यावर उतरून वस्तीची वाट धरली. पुढं सासूसून, मागं तात्या, त्याच्या दोन्ही खांद्यांवर पाय टाकून पतू. उसाच्या पट्टीतनं वाट जात होती. कुठंतरी विहिरीवर इंजिन चालू झालं, थड थड थड. आणि तात्याच्या मानेत काहीतरी टोचलं.

पतूचा अंगठा होता. तो चालत राहिला. बाभळीवर कावळा ओरडला, पुन्हा मानेत अंगठा रुतला. बाजूच्या रस्त्यानं ट्रॅक्टर गाणी लावून गेला, तेव्हा तर दोन्ही अंगठे. पुढं चालताना गोजरबाई जोरात शिंकली, अंगठा. तात्या थांबला. पोरीला अंगठ्याचा अर्थ एकच माहीत होता, आणि तो त्यानंच शिकवला होता. आवाज आला की असं दाबायचं, आणि समोरच्यानं मग चिंचोका टाकायचा. ती त्याला सांगत होती. तुला कळलं का आजा, आवाज आला.

"पतू," तो म्हणाला. मग पुन्हा, माळावर हाक घालावी तसा मोठ्यानं म्हणाला, "पतू!"

मानेवर अंगठा दाबला गेला.

पुढनं गोजरबाईनं विचारलं, की वाटंत उभं राहून वरडताय कशाला, याड लागलं का? तात्यानं बंडीच्या खिशात हात घातला. शिबिराच्या दिवसापासून पडून राहिलेले चिंचोके तिथंच होते. त्यानं एक काढला आणि वाटेवर टाकला. वर पोर खिदळली. टिटवी ओरडली, अंगठा आला, त्यानं दुसरा टाकला. द्वारका मागं वळून हाक मारत होती, त्यासाठी तिसरा. वस्ती दिसायला लागली तेव्हा त्याचा खिसा रिकामा झाला होता, आणि मग तो वाटेतले खडे उचलून टाकायला लागला.